न थरथरणारा हात

१

हिशेब आधी करंगळीचा मांडायला हवा. संशय सगळ्यांत आधी त्याच्यावर गेला आणि सगळ्यांत आधी त्याच्यावरूनच उठला.

करंगळी म्हणजे आमच्या शहरातला समीक्षक. उजव्या हातात लाल पेन्सिल, डाव्या हातात चहाचा कप, आणि कपाबाहेर करंगळी अशी ताठ वर, जणू कपालाही पास करायची त्याची इच्छा नाही. हे टोपणनाव आम्ही दिलेलं नाही. अण्णांनी आपल्या शेवटच्या पुस्तकात एका पानावर चहा पिणाऱ्या टीकाकाराची अशी रेवडी उडवली की पुस्तक न वाचलेल्यांनाही ते पान पाठ झालं, आणि बिचाऱ्याचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

अण्णा आमचे लेखक. ते गेले आणि शहराला एकदम त्यांचं प्रेम आलं. स्मारक हवं यावर एकमत, कसलं हवं यावर तीन पक्ष. नगराध्यक्षांना चौकात बोट पुढे केलेला पूर्णाकृती पुतळा हवा होता. अण्णांची मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, तिला फक्त अण्णांचा उजवा हात हवा होता, पेन धरलेला, ब्राँझमध्ये ओतलेला. अण्णा असतानाच शिल्पकाराने त्या हाताचा साचा घेऊन प्लास्टरची प्रत करून ठेवली होती. तिसरा पक्ष म्हणजे एकटा करंगळी. त्याला काहीच नको होतं. ‘आधी वाचनालयातली अण्णांची फाटलेली पुस्तकं शिवा,’ असं तो दर आठवड्याला वर्तमानपत्रात लिहायचा.

आणि तो जिंकत आला होता. सोमवारी नगरसभेत मतदान. शनिवारपर्यंत निम्म्याहून जास्त सभासदांनी त्याच्या कानात ‘आम्ही तुमच्याबरोबर’ म्हणून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मी सभागृहाचं कुलूप काढलं. हात लोकांना बघायला ठेवायचा होता, बाहेर रांग लागली होती. ताईंनी चौथऱ्यावरचं कापड उचललं. खाली व्यासपीठावरच्या टेबलावरचा पाण्याचा जग पालथा घातलेला होता.

हात नव्हता.

२

तो हात गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे सांगायला हवं.

शेवटच्या वर्षांत अण्णांचे हात विलक्षण थरथरायचे. शर्टाचं बटण लागायचं नाही, घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. पण पेन हातात घेतलं की हात थांबायचा. दारं लावून, दुपारच्या शांततेत, त्यांनी ते शेवटचं जाडजूड पुस्तक स्वतःच्या अक्षरात लिहिलं. ताई शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी घरी येऊन बघायच्या तर टेबलावर पानं, सरळ ओळीतली, आणि शेजारी अण्णा चमच्यातलं औषध अंगावर सांडत बसलेले. ताई हे प्रत्येक सभेत सांगायच्या, आणि प्रत्येक सभेत माणसं गप्प व्हायची. माझ्याही अंगावर काटा यायचा. मी स्मारक समितीचा चिटणीस आहे. काटा येणं माझ्या कामात बसत नाही.

म्हणजे तो नुसता हात नव्हता, चमत्काराचा पुरावा होता. ताईंच्या आयुष्यात आता दुसरं काही उरलेलंही नव्हतं. सोमवारपर्यंत तो सापडला नाही तर हळहळणारं शहर काहीतरी स्मारक मागणारच, मग सभा नगराध्यक्षांच्या जुन्या ठरावावर येणार आणि अण्णांच्या जागी कुणीतरी बोट पुढे केलेला उभा राहणार. अण्णांनी आयुष्यात कुणाला बोट दाखवून रस्ताही सांगितला नव्हता.

कुलूप शाबूत, खिडक्या बंद. बोभाटा नको म्हणून मी वहिनींना बोलावलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. विमा कंपनीत सर्व्हेअर होत्या. जळालेली गोदामं बघून आग लागली की लावली हे सांगण्यात हयात गेली, आता निवृत्त आहेत आणि घरच्यांवर हात साफ करतात.

जग उचलून त्यांनी खाली पाहिलं, कापड पाहिलं, मग मला पाहिलं. “भावजी, कुलूप लावताना कापडाखाली डोकावला होतात?”

नव्हतो.

“मग हात रात्री नाही गेला. तुम्ही कुलूप लावलंत ते जगाला.”

म्हणजे चोर शनिवारी संध्याकाळी आमच्यात होता.

३

शनिवारी आम्ही पाच जण होतो. दिव्याची चाचणी होती. मी, नगराध्यक्ष, ताई, शिल्पकार, आणि निमंत्रण नसताना भांडायला आलेला करंगळी. हातावर कसा उजेड टाकायचा ते ठरत नव्हतं. शेवटी छतावरचे दिवे घालवून एकच दिवा बाजूने, अगदी खालून लावला.

आणि भांडण तिथेच संपलं.

वर्कशॉपमधल्या सपाट उजेडात तो हात मी खूपदा पाहिला होता. प्लास्टर दिसायचं. या उजेडात प्लास्टर नाहीसं झालं. कातडीची एकेक रेघ उभी राहिली, शिरा वर आल्या, नखाच्या कडेचं सालपट दिसलं. वाटलं, आता पेन उचलेल आणि पुढचा शब्द लिहील. नगराध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि ते टोपी राष्ट्रगीतालाही विसरतात. मी मोबाईलवर एक फोटो काढला, तोही चोरी केल्यासारखा.

एवढ्यात शिल्पकाराने झेप घेऊन दिवा घालवला. दिव्याच्या उष्णतेने प्लास्टर तडकतं, म्हणाला. कापड टाकलं, आम्ही व्हरांड्यात चहाला गेलो. तिथून नगराध्यक्ष चष्म्यासाठी, ताई पर्ससाठी, शिल्पकार कापड नीट करायला आणि करंगळी आपली पुस्तकांची पिशवी आणायला, असे चौघेही एकेकदा आत जाऊन आले. उरलो मी, पण वहिनींनी मला संशयितांत धरलंच नाही. “तुम्हाला जग पालथा घालायचं सुचलं नसतं,” एवढंच म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

मग त्यांनी एकेकाला गाठलं.

नगराध्यक्ष सरळ बोलले. पुतळा हवा होता, खरं; पण तो दिवा लागल्यावर काय झालं कोण जाणे, त्यांनी चहाच्या आधीच पुतळेवाल्याला फोन करून ऑर्डर रद्द केली होती, ठराव तेवढा कागदोपत्री उरला होता. व्हरांड्यात तो फोन मीही ऐकला होता. हात जिंकावा असं वाटायला लागलेला माणूस हात कशाला पळवील?

ताई रिकाम्या चौथऱ्यावरच्या कापडाची घडी घालत राहिल्या. हात त्यांच्याच मालकीचा. आपलीच वस्तू चोरायची गरज त्यांना नव्हती.

करंगळी आपल्या खोलीत लाल पेन्सिलला टोक करत होता. म्हणाला, या चोरीने माझं वाटोळं केलं. त्यात खोटं काही नव्हतं. दुपारपर्यंत शहर उलटलं होतं. अण्णांची एक ओळही न वाचलेली माणसं रांगेत उभी राहून रिकाम्या चौथऱ्याला नमस्कार करत होती, काही डोळे पुसत होती. ज्यांनी ‘आम्ही तुमच्याबरोबर’ म्हटलं होतं ते आता त्याला बघून रस्ता ओलांडत होते. संपादकांनी त्याचं सदर थांबवलं. हात गेल्याने सगळ्यांत जास्त बुडाला तो हाच.

“जिंकत आलेला माणूस पट उधळत नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि तो सुटला.

उरला शिल्पकार. वहिनींनी येताना तो बाजूचा दिवा मुद्दाम बराच वेळ लावून ठेवला होता आणि त्यावर तळहात टेकवून पाहिला होता. दिवा थंडगार होता.

“तुम्ही प्लास्टर वाचवत नव्हता,” त्या शिल्पकाराला म्हणाल्या. “आम्हाला काही दिसू नये म्हणून दिवा घालवलात. काय ते?”

शिल्पकाराचा चेहरा ओल्या प्लास्टरसारखा झाला.

४

पण तो उठून अवजारं पुसू लागला. वहिनी मला घेऊन बाहेर आल्या आणि वर्कशॉपच्या पायरीवर बसल्या.

“चोर हा नाही,” म्हणाल्या. “याला हात नाहीसा करायचा असता तर ‘दुरुस्ती आहे’ सांगून राजरोस घरी नेला असता. भावजी, आपण चुकीचं विचारतोय. हात जाण्यात कुणाचा फायदा, ते सोडा. हात राहण्यात कुणाचं नुकसान होतं? आणि तेही त्या दिव्यात राहण्यात. तो फोटो दाखवा.”

फोटो मोठा करून आम्ही बघत बसलो. मला पुन्हा तेच झालं, आता पेन उचलेलसं वाटलं. वहिनींना असं काही होत नाही. त्यांनी जळालेली माणसंही टेप लावून मोजली आहेत. त्या कातडी बघत होत्या.

“इथे रेघा आहेत. इथे आहेत. इथे नाहीत.”

मनगटावर आडवे तीन पट्टे होते, गुळगुळीत, लोणी लावून फिरवल्यासारखे. त्यांच्या आजूबाजूला कातडीचं जाळं स्पष्ट. पट्ट्यांत मात्र एकही रेघ नाही. मनगटाच्या खालच्या अंगाला तसाच चौथा, जाड आणि आखूड.

आम्ही पुन्हा आत गेलो. शिल्पकार म्हणाला, साचा घेताना बुडबुडे राहतात, ते मागाहून भरावे लागतात.

“बुडबुडे रांगेत उभे राहत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. मग विचारलं, की हाताचा साचा घेताना तो हात किती स्थिर लागतो.

शिल्पकाराने फडक्याला हात पुसले. अखेर म्हणाला की लगदा घट्ट होईपर्यंत बोट हललं तरी सगळं पुसट येतं.

“आणि अण्णा?”

“बाई, मी शब्द दिलाय,” तो म्हणाला. “ज्याला दिला तो माणूस गेला. आता मला तो परत कोण करणार?”

वहिनींनी त्याला सोडलं आणि माझ्याकडे वळल्या.

“वाकडं बघू नका. उजवा हात पुढे करा.”

मी केला. पेन धरल्यासारखी बोटं करायला लावली. मग त्या माझ्या उजवीकडे खुर्ची ओढून बसल्या आणि आपल्या डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. वरून बोटं, खालून अंगठा. फोटो समोर ठेवला. तर्जनी पहिल्या पट्ट्यावर, मधलं बोट दुसऱ्यावर, अनामिका तिसऱ्यावर, अंगठा खालच्या जाड डागावर. बसलं.

पण एक बोट जास्त झालं. कोपराकडच्या बाजूला, जिथे त्यांची करंगळी टेकली होती, तिथे फोटोत गुळगुळीत काही नव्हतं. अण्णांच्या कातडीची प्रत्येक रेघ जागच्या जागी होती.

वहिनींनी फोटोकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. मग बाकीची पकड तशीच ठेवून करंगळी सावकाश वर उचलली.

ताठ, वर.

आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो. शिल्पकाराने डोळे मिटून घेतले.

५

करंगळीने दार उघडलं आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाला. हात टेबलावर होता, दुमडलेल्या शालीवर, पेन आमच्याकडे करून. शेजारी हातोडी होती.

मग त्याने जे सांगितलं ते सांगताना त्याचा आवाज कोरडा होता, पुस्तकाची पानं मोजल्यासारखा.

अण्णांचं आणि त्याचं तरुणपणापासून वाजलेलं. एका दुपारी कुठल्याशा लेखावरून भांडायला तो अण्णांच्या घरी गेला. पुढचं दार कुणी उघडेना म्हणून मागून आत शिरला. अण्णा टेबलाशी होते. पेन कागदावर टेकायच्या आधीच उडत होतं, कागदाला भोकं पडली होती, शाई भिंतीवर गेली होती. अण्णांनी त्याला पाहिलं. ज्याने कधीही पाहू नये असं वाटत होतं, नेमक्या त्याच माणसाने पाहिलं होतं. करंगळीने खुर्ची ओढली, उजवीकडे बसला आणि डाव्या हाताने मनगट धरलं.

हात थांबला.

त्यानंतर रोज. ताई शाळेत गेल्या की मागच्या दाराने यायचा, त्या परतायच्या आत मागच्याच दाराने जायचा. पुस्तक पूर्ण होईपर्यंत. शिल्पकार साचा घ्यायला आला तेव्हाही धरून बसणारा हाच होता. साच्यातून दोन हात निघाले. अण्णांच्या सांगण्यावरून शिल्पकाराने एक कापून वेगळा केला आणि खुणा भरून टाकल्या. सपाट उजेडात कुणाला कळलं नाही. शनिवारी तो दिवा लागला आणि सगळे हात बघत होते तेव्हा करंगळीला आपली बोटं दिसली. रविवारी तोच दिवा सगळ्या शहरासमोर लागणार होता, म्हणून पिशवी आणायला आत गेला तेव्हा त्याने हात पुस्तकांत घालून आणला.

“करंगळी तेवढी वाचली,” तो म्हणाला. “लहानपणी मोडलेली, वाकतच नाही. गावाला वाटतं नखरा आहे.”

मला राहवलं नाही. ते पान, ज्यात अण्णांनी त्याची रेवडी उडवली, तेही याच हाताने धरून लिहिलं गेलं होतं?

“तेव्हा सगळ्यांत घट्ट धरावं लागलं. म्हातारा हसत होता.”

त्या पानावर आम्ही इतके दिवस हसलो होतो, आणि ते लिहिलं जात असताना हा माणूस, ज्याच्यावर ते होतं, एक अक्षर वाकडं होऊ नये म्हणून मनगट धरून बसला होता. त्याने नुसतं सैल सोडलं असतं तरी पुरे होतं.

वहिनींनी विचारलं की मदत केली म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

तो म्हणाला, हे शहर मला ठाऊक आहे. आज म्हणतील हात धरला, उद्या म्हणतील शब्दही त्याचेच. “त्यातला एकही शब्द माझा नाही. अर्धी वाक्यं मला आजही आवडत नाहीत. काही तर इतकी वाईट होती की माझा हात दुखायचा. पण ती त्याची होती.” आणि मग ताई. त्या ज्या चमत्कारावर उभ्या होत्या, तो खालून कसा काढून घ्यायचा?

“म्हणून मतदान घालवलंत, सदर घालवलंत,” वहिनी म्हणाल्या. “मग फोडून का नाही टाकला?”

करंगळी हातोडीकडे बघत होता.

“मघाशी तुम्ही गेल्यापासून बसलोय घेऊन. इतकी वर्षं जो हात हलू दिला नाही, बाई, त्याच्यावर हे कसं उचलू?”

मग त्याने एकच मागणं केलं: हात घेऊन जा, माझं नाव चोर म्हणून सांगा, पण ताईंना बाकीचं कळू देऊ नका.

वहिनी उठल्या. “बाप त्यांचा आहे,” म्हणाल्या. “काय कळावं आणि काय नको, ते तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही.”

त्याने हातोडी खणात टाकली आणि हात शालीसकट त्यांच्यापुढे सरकवला.

६

संध्याकाळी वहिनी ताईंच्या घरी एकट्याच गेल्या. काय बोलणं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाहेर आल्या तेव्हा फक्त म्हणाल्या, “उद्या सभेला लवकर जा, भावजी, आणि तो दिवा लावून ठेवा.”

सोमवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ताई उभ्या राहिल्या. मला वाटलं, नेहमीचंच सांगतील: पेन हातात घेतलं की हात थांबायचा. त्यांनी सुरुवातही तशीच केली. मग थांबल्या, आणि म्हणाल्या की हे मी कधी पाहिलेलं नाही. मी फक्त पानं पाहिली. हात का थांबायचा, ते मला काल कळलं.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या रांगेत भिंतीला टेकलेल्या करंगळीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बहुधा पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

मग शिल्पकार पुढे आला. त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. कापसातून त्याने कापून ठेवलेला दुसरा हात काढला. अण्णांनी सांगितलं होतं, फेकून दे. त्याच्याने फेकवला नव्हता. मनगटावरचं भरण त्याने आदल्या रात्री जपून कोरून काढलं होतं. त्याने तो हात त्या खाचांवर ठेवला. प्लास्टरवर प्लास्टर टेकल्याचा अगदी बारीक आवाज झाला, आणि एवढ्या गर्दीत तो शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

मी दिवा लावला.

काय दिसलं ते मी सांगू शकतो: एक म्हातारा हात पेन धरून, दुसरा त्याच्यावर, एक बोट आपलं हवेत. कसं दिसलं ते मात्र माझ्या आवाक्यातलं नाही. पुढच्या रांगेतला एक जाडजूड सभासद, जो सभेत झोपण्यासाठी प्रसिद्ध, तो उभा राहिला, आणि त्याच्यामागे रांगच्या रांग उभी राहत गेली. कुणी टाळी वाजवली नाही. बराच वेळ कुणी खालीही बसलं नाही.

मतदानाआधी करंगळीला बोलायचं आहे का विचारलं. तो म्हणाला, माझं मत तेच आहे. आधी पुस्तकं शिवा. लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. ठराव दोन्ही हातांचा झाला, एकमताने. करंगळी सभासद नसल्याने त्याचं विरोधी मत मोजलं गेलं नाही.

आता कुणी काय मोजलं ते सांगतो.

नगराध्यक्षांचा पुतळा गेला, पण त्यांना सगळ्यांत स्वस्त पडलं. ही कल्पना मुळात आपलीच होती असं ते आता मनापासून समजतात. शिल्पकाराने दिलेला शब्द मोडला, आणि आपल्या प्रत्येक कामाखाली सही कोरणाऱ्या त्या माणसाने या एका कामाखाली कोरली नाही. ताईंनी आपला चमत्कार दिला. सभांची आमंत्रणं येतात; त्या जात नाहीत. म्हणतात, सांगण्यासारखं होतं ते सांगून झालं.

करंगळीचं सदर संपादकांनी माफी मागून परत सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात त्याने एका तरुण कवीच्या चिंधड्या उडवल्या. दुसऱ्या दिवशी तो कवी फुलं घेऊन दारात हजर. पूर्वी त्याच्या लेखावर माणसं महिनाभर अबोला धरायची, आता रस्त्यात थांबवून प्रेमाने हात हातात घेतात. “कुणी चिडतच नाही हो,” तो मला म्हणाला, आणि इतका खचलेला मी त्याला त्या रविवारीसुद्धा पाहिला नव्हता. शहराने त्याला सगळंच माफ करून टाकलं होतं, आणि टीकाकाराला माफी परवडत नाही.

अण्णांना मात्र या सगळ्यात काहीच द्यावं लागलं नाही. त्यांनी आपल्या वाट्याचं जिवंतपणी, रोज दुपारी, चुकतं केलं होतं: ज्या माणसाचं एकही मत त्यांना कधी पटलं नाही, त्याच्या हातात मनगट देऊन.